एकदाच माप

मामा: रिकामी केलीस म्हणजे किती रिकामी?

भाचा: पूर्ण रिकामी, मामा.

मामा: पूर्ण म्हणजे तळाशी काहीतरी उरलं असेल ना. थोडंफार.

भाचा: तसं नसतं ते. एकदा बटण दाबलं की सगळंच जातं.

मामा: मग दाबलंस कशाला?

भाचा: कचरा होता म्हणून. म्हणजे मला वाटलं कचरा आहे. लॅपटॉपवर ते टोपलीचं चित्र असतं बघा, नको असलेलं टाकायचं, ती टोपली. प्रत्येक गिऱ्हाइकाची मी आधी तीच साफ करतो. जुनी डिस्क काढायची, नवी एसएसडी बसवायची आणि जुन्यावरचं सगळं नव्यावर उतरवून घ्यायचं. आता नव्या घरात जुना कचरा कशाला न्यायचा? माझ्या दुकानाची पद्धतच आहे ती.

मामा: आणि तुझ्या मामीने त्या टोपलीत काय ठेवलं होतं?

भाचा: सगळं.

मामा: सगळं म्हणजे?

भाचा: सगळे पॅटर्न. कापड कापायचे आराखडे. आजवर जितक्या माणसांचे कपडे तिने बेतले, त्या सगळ्यांचे.

मामा: थांब. ती खुर्ची ओढ इकडे, मला बसू दे. अरे, तिकीट तपासनीस म्हणून जन्म गेला माझा. विनातिकीट धरलेल्यांनी काय काय सांगितलं असेल मला. पण असलं काही कधी ऐकलं नाही. टाकायच्या टोपलीत कुणी ठेवायच्या वस्तू ठेवतं का?

भाचा: मामी ठेवते. आणि तिला लॅपटॉप शिकवला कुणी? मीच ना. हे टेबल, ही टोपली, असं बोट दाखवून सांगितलं आणि मोकळा झालो. आता तिच्या शिवणखोलीत टेबलाखाली टोपली असते ती कशाची?

मामा: पॅटर्नची. टेबलावर चालू काम, बाकी सगळं खाली टोपलीत.

भाचा: आणि नवीन बाई कामाला लागली की तिला पहिल्या दिवशी काय सांगतात?

मामा: मास्टरबाईंच्या टेबलाखाली झाडू घालायचा नाही.

भाचा: बघा. त्या टेबलाखाली मी लहानाचा मोठा झालो आणि झाडू मीच घातला.

मामा: तिला कळलंय?

भाचा: नाही अजून. सकाळी तिचा फोन आला होता. कौतुकाचा. म्हणाली, लॅपटॉप नुसता पळतोय. आधी म्हणे तो चालू करून ती चहा ठेवायची, चहा उकळून, पिऊन, कप विसळून व्हायचा तरी पडदा काळाच. आता बटणावरचं बोट उचलायच्या आत समोर हजर. तुला कुठे ठेवू नि कुठे नको असं झालंय म्हणाली. मला इतकं बरं वाटलं मामा, काय सांगू. मग म्हणाली, कापड घेऊन दुपारी घरी आले की चाकाच्या खुर्चीतल्या पोरीचा कोट टोपलीतून काढते आणि कापायला घेते. मी म्हटलं, कुठल्या टोपलीतून? तर म्हणाली, अरे तूच नाही का दाखवलीस, काढते, कापते, परत टाकते, इतकी वर्षं तेच तर करतेय.

मामा: मग तू काय म्हणालास?

भाचा: हो हो म्हणालो. फोन ठेवला आणि हातात स्क्रूड्रायव्हर धरून तसाच उभा. समोरचं गिऱ्हाईक काय विचारतंय तेही ऐकू येईना. शटर ओढलं आणि इकडे आलो. जिना कसा चढलो ते आठवत नाही.

मामा: पण तू तर मेमरी वाढवली म्हणून सांगत होतास. दुप्पट की काय. मेमरी दुप्पट झाली आणि होतं नव्हतं तेही विसरला तो?

भाचा: अहो मामा, ती मेमरी म्हणजे साठवायची जागा नव्हे. ते कामाचं टेबल समजा. टेबल मोठं केलं की एका वेळी जास्त पसारा मांडता येतो, मशीन अडखळत नाही. वस्तू ठेवायचं कपाट वेगळं. कपाट म्हणजे डिस्क. ते बदललं.

मामा: बरं बरं, मला टेबल-कपाट नको समजावूस. तिचे कागदाचे रोल कुठे आहेत? भिंतीला टेकून उभे असायचे ते?

भाचा: गेले. वाळवी लागली होती त्यांना. मीच म्हटलं, सगळे लॅपटॉपमध्ये नीट आखून घेऊ आणि हे कागद देऊन टाक. तिला पटत नव्हतं. मी मागेच लागलो. शेवटी माझ्यासाठी कबूल झाली.

मामा: म्हणजे आधी कागद घालवलेस आणि मग हेही घालवलंस. दोन्ही कामं चोख.

भाचा: बोला मामा, काय बोलायचं ते बोला. ऐकून घ्यायलाच आलोय. पण आधी एक करा. परवा मी तुम्हाला काळी डबी दिली ना, ती द्या. अजून आशा आहे.

मामा: कुठली डबी?

भाचा: तिच्या लॅपटॉपमधून काढलेली जुनी डिस्क. डबीत घालून दिली होती मी, टीव्हीला लावता येईल म्हणून. ऐका, त्या जातीच्या डिस्कवरून पुसलेलं खरं तर लगेच जात नाही. नुसतं नाव पुसलं जातं. माल तिथेच पडलेला असतो, त्या जागेवर दुसरं काही येऊन बसेपर्यंत. तो शोधून काढणारे प्रोग्रॅम आहेत माझ्याकडे. डबी मी कोरी दिली तुम्हाला. कोरी आहे तोवर बरंचसं परत मिळेल. सगळं नाही, पण बरंचसं. द्या लवकर, मामी यायच्या आत घेऊन जातो.

मामा: तू म्हणाला होतास की भरपूर जागा आहे.

भाचा: हो, मग?

मामा: काय हवं ते भरा म्हणालास.

भाचा: मामा, असे काय बघताय माझ्याकडे? भरलंत काही?

मामा: शेजारचे इंजिनिअर आहेत ना, त्यांच्याकडे क्रिकेटचे जुने सामने आहेत. सगळे. कसोटीसुद्धा, पाचही दिवस. मी म्हटलं, द्या की भरून. ते म्हणाले, किती भरू?

भाचा: किती भरलं?

मामा: मी म्हटलं काठोकाठ. एवढी जागा मोकळी कशाला सोडायची.

भाचा: काठोकाठ.

मामा: शेवटचा सामना अर्धाच बसला. कालपासून मी त्याचीच हळहळ करत होतो रे.

भाचा: मामा, संपलं मग. गेलं सगळं.

मामा: म्हणजे मी तिच्या पॅटर्नवर सामने...

भाचा: बसवलेत. होय.

मामा: अरे देवा. पाणी दे मला. तू सांगितलं का नाहीस, की भरू नका म्हणून?

भाचा: मला तरी कुठे ठाऊक होतं? मी कचरा म्हणून पुसलं, तुम्ही मोकळं म्हणून भरलंत. आपण दोघांनी मिळून तिचा धंदा बुडवला, आणि दोघंही खुशीत होतो.

मामा: धंद्याचं सोड, धंदा ती पुन्हा उभा करेल. तिचा शब्द जातोय, ते बघ. तिचा नियम तुला माहीत आहे ना?

भाचा: एकदाच माप.

मामा: हां. एकदा टेप लावला की त्या माणसाला जन्मात दुसऱ्यांदा लावायचा नाही. तुला वाटत असेल मिजास आहे, नव्या कटिंग मास्टरांची असते तशी. मिजास नाही ती. तिच्याकडे येतं कोण? तयार कपडा ज्यांना बसत नाही ते. पाठीत वाकलेले, एक पाय आखूड असलेले, कुणाला जन्मापासून काही, कुणाला अपघाताने. दुसरे शिंपी त्यांना दर वेळी उभं करतात, टेप लावतात, मोठ्याने आकडे सांगतात आणि बाजूचा पोऱ्या ते लिहिता लिहिता वर मान करून बघतो. हिने काय केलं, एकदा दार लावून माप घ्यायचं, मनात वाचायचं आणि सांगायचं, आता पुन्हा कधी उभं राहावं लागणार नाही. नुसता फोन करा, कापड कुठलं ते सांगा. ते लोक त्या वाक्यासाठी येतात रे तिच्याकडे.

भाचा: आणि आता तिला प्रत्येकाला पुन्हा बोलवावं लागणार.

मामा: म्हणूनच म्हणतो, नीट ऐक. खरं सांगायचं नाही.

भाचा: म्हणजे?

मामा: लॅपटॉप जुना होता की नव्हता? होता. तुझ्या कॉलेजातला. जुनी वस्तू एक दिवस मान टाकते, त्यात कुणाचा दोष? आपण म्हणू, आपोआप गेलं. तिला वाईट वाटेल, पण कुणाचा राग येणार नाही. आयुष्यभर लोकांच्या थापा ऐकल्यात मी, कुठली टिकते ते मला कळतं. ही टिकेल.

भाचा: टिकेल, मामा. तेच तर. मला येताना रस्त्यात हेच सुचलं होतं. नवी डिस्क खराब लागली म्हणायचं, कंपनीवर ढकलायचं. गिऱ्हाइकाला काय कळतंय. तिला तर अजिबातच शंका येणार नाही. उलट मलाच म्हणेल, जाऊ दे बाळ्या, तू कशाला मनाला लावून घेतोस. आणि माझ्या पाठीवरून हात फिरवेल. तो हात मला सोसायचा नाही.

मामा: मग मीच सांगतो. तू नुसता गप्प बस. मान हलवायची तेवढी हलव.

(दार उघडतं. मामी आत येते. दोन्ही काखेत कापडाचे गठ्ठे, गळ्यात टेप.)

मामी: अगं बाई, बाळ्या तू इथे? आणि दुकान कोण बघतंय? हे धरा हो जरा, काखेत कळ आली. तुमचा चेहरा का असा झालाय? कुणी विनातिकीट सुटून गेलं की काय?

मामा: छे छे. गरम होतंय जरा.

मामी: पंखा तरी लावायचा. ऐक रे, बाजारात सगळ्यांना सांगून आले मी. म्हातारा लॅपटॉप माझ्या भाच्याने धावता केला म्हणून. ती अस्तरवाली आहे ना, तिचा लॅपटॉप तर सुरू व्हायलाच तयार नाही, तिला तुझा नंबर दिला. बटणवाल्यालाही दिला. म्हटलं, डोळे मिटून ठेवा त्याच्याकडे, स्वतःचा असल्यासारखा सांभाळतो. कुठे ठेवलाय तो? आण इकडे. त्या पोरीला सोमवारी नोकरीवर हजर व्हायचंय, पहिला दिवस. खुर्चीत बसल्यावर कोट मागून वर चढला नाही पाहिजे, पोटापाशी गोळा झाला नाही पाहिजे. तिच्या पॅटर्नमध्ये मागची बाजू आखूड घेतलीय मी. चार वेळा फसला, पाचव्या वेळी जमला.

मामा: अगं, त्या लॅपटॉपचं जरा... म्हणजे जुनीच वस्तू ती. जुन्या वस्तूंचं काही सांगता येत नाही.

मामी: काल रात्री तर पळत होता.

मामा: पळता पळताच होतं असं कधी कधी.

मामी: अहो, घसा खाकरून तुम्ही बोलायला लागलात की मला कळतं, पांघरूण घालायचं चाललंय. काय फोडलंत? माझी कात्री? बाळ्या, काय झालं रे?

भाचा: मामी, तू बस आधी.

मामी: बसून ऐकावं लागेल असं काय आहे?

भाचा: टोपली मी रिकामी केली. डिस्क बदलायच्या आधी. मला वाटलं, तू नको असलेलं टाकलंयस तिथे. तुला विचारलंसुद्धा नाही. लॅपटॉप जुना असल्याचा काही संबंध नाही, कंपनीचाही नाही. मी केली.

मामी: हां, मग ठेवलंयस कुठे ते सगळं?

भाचा: ठेवलं नाही. गेलं.

मामी: गेलं म्हणजे तुझ्या दुकानात राहिलं ना? घेऊन ये मग, घाई नाही, संध्याकाळपर्यंत आण. कोटाचं तेवढं आधी काढ.

भाचा: मामी, दुकानात नाहीये. कुठेच नाहीये.

मामी: असं कसं होईल? इकडे आण तो. हे बघ, चालू झालासुद्धा. ही टोपली. उघडते. हां... रिकामीच दिसतेय की रे.

भाचा: हो.

मामी: आत अजून एखादी टोपली असते का? याच्या मागे कुठे?

भाचा: नसते.

मामी: पाठीतून वाकलेल्या बाई, शाळेतल्या? त्यांचा ब्लाउज?

भाचा: नाही.

मामी: एका हाताने गाडी चालवतात ते?

भाचा: नाही मामी.

मामी: आणि ती... ऑपरेशन झालं होतं ती? एका बाजूचं? तिचा तरी असेल. तिचा मी अगदी तळाशी ठेवला होता, कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून.

मामा: अगं, पाणी पी थोडं.

मामी: पाणी नकोय मला. बाळ्या, ती बाई मापाला आली तेव्हा डोळे घट्ट मिटून उभी होती. टेप लागला तशी थरथरली. माप झाल्यावर मी सांगितलं, झालं बरं का, आता पुन्हा नाही. तेव्हा डोळे उघडले तिने. आता तिला मी काय सांगू? पुन्हा मीट म्हणू?

भाचा: तुला आठवत असेल ना मामी? तू आकडे सांग, मी बसून आखतो. दुकान आठवडाभर बंद ठेवतो.

मामी: डोक्यात राहिलं असतं तर टोपलीत कशाला ठेवलं असतं, राजा?

भाचा: नाहीतर त्यांचे जुने कपडे मागवू. तू शिवलेले. त्यावरून काढता येईल.

मामी: वापरलेला कपडा ताणलेला असतो. जिथे सांभाळून घ्यायचं तिथेच तो आधी ढिला पडतो. त्यावरून बेतलं तर वर्षभरात कळेल, माणूस एकीकडे आणि कपडा दुसरीकडे. नाही रे. आणि ती काढलेली डिस्क कुठेय? तू मागे म्हणाला होतास ना, जुन्यातून कधी कधी मिळतं म्हणून?

भाचा: ती...

मामा: ती माझ्याकडे आहे. तो उगाच माझ्यामुळे अडखळतोय. मिळालं असतं त्यातून. मी त्यात सामने भरून घेतले शेजाऱ्यांकडून. क्रिकेटचे.

मामी: किती?

मामा: मावतील तेवढे.

मामी: निदान जिंकलेले तरी आहेत का?

मामा: बरेचसे अनिर्णित.

मामी: छान. हसू नका रे दोघंही, मलाही हसू येतंय. काय करून ठेवलंत हे.

भाचा: मामी, मी सगळ्यांना फोन करतो. एकेकाला. सांगतो की चूक माझी आहे, मामीचा काही दोष नाही. शिव्या देतील त्या मी खाईन.

मामी: तू नाही करायचा. शब्द मी दिला होता, तू नव्हतास तिथे. मी जाईन. फोनवर नाही, घरी जाऊन सांगेन, आणि घरीच माप घेईन, त्यांच्या खोलीत, त्यांचं दार लावून. निम्मे तरी नाही म्हणतील. त्या ऑपरेशनवाल्या बाई तर दार उघडायच्या नाहीत. पोरीच्या कोटासाठी आजच जाते. नोकरी तोंडावर असताना तिला पुन्हा टेप दाखवायचा, काय वेळ आली बघा माझ्यावर. आणि तू माझ्याबरोबर यायचं, बाळ्या. आत नाही, जिन्यात उभं राहायचं. मी बाहेर येईन तेव्हा माझा चेहरा बघायचा. दुसरी शिक्षा नाही तुला.

भाचा: येईन.

मामा: अगं, तूही फार मनाला लावून घेतेस. कोणी नाही म्हणणार नाही. दोन मिनिटांचं तर काम. उभं राहायचं, टेप लावून घ्यायचा, झालं. लोक उगाच बाऊ करतात त्याचा. टेप काही चावत नाही.

मामी: असं? तुम्हाला लावू?

मामा: मला कशाला? माझे शर्ट तर तू वर्षानुवर्षं न मोजता शिवतेस. अंदाजाने.

मामी: अंदाजाने.

मामा: मग? माझी अंगकाठी सरळ. मला काय मोजायचंय?

मामी: अहो, त्या टोपलीत तुमचाही पॅटर्न होता.

मामा: माझा?

मामी: तुमचे तर कितीतरी होते. दरवर्षी नवा काढावा लागायचा.

मामा: का? मी काय वाढतोय?

मामी: जाऊ दे. मी आत्ता बोलायला नको होतं हे. डोकं ठिकाणावर नाही माझं.

मामा: नाही, आता सांग. दरवर्षी का?

मामी: तुम्हाला अर्धांगाचा झटका आला होता ना, त्यानंतर डावा खांदा उतरला तुमचा.

मामा: काहीतरीच काय. तो झटका किरकोळ होता. डॉक्टरांनी सांगितलं, ठणठणीत आहात. दोन महिन्यांत कामावर होतो मी.

मामी: ठणठणीत झालातच. खांदा तेवढा राहिला.

मामा: किती उतरलाय?

मामी: आधी बोटभर होता.

मामा: आधी म्हणजे? आता?

मामी: आता दोन बोटं.

मामा: म्हणजे अजून उतरतोय.

मामी: हळूहळू.

मामा: बाळ्या, तुला दिसत होता?

भाचा: नाही मामा. शपथ. मला कधीच दिसला नाही.

मामी: त्याला कसा दिसेल? डाव्या बाजूला आतून पट्टी असते, दरवर्षी एक पदर जास्त. कॉलर जराशी तिरकी कापते, म्हणजे ती गळ्यावर सरळ बसते. बाही एक मोठी, एक लहान. माप घेऊ का म्हणून पहिल्यांदा विचारलं तेव्हा तुम्ही केवढे भडकला होतात, आठवतं? मी काय लुळा झालोय का म्हणालात. मग पुन्हा विचारलं नाही. तुम्ही आरशासमोर दाढी करायला उभे राहिलात की मी मागे कपड्यांच्या घड्या घालत बसायची. तेवढ्यात नजरेने घ्यायची. कितीदा चुकलं, उसवलं, पुन्हा शिवलं. तुम्ही म्हणायचात, एका शर्टाला एवढा वेळ?

मामा: माझ्या निरोपाच्या दिवशी फोटो काढला होता. सगळे म्हणाले, साहेब, काय ताठ दिसताय. तो फोटो मी समोर लावून ठेवलाय. रोज बघतो मी तो.

मामी: शर्ट ताठ होता हो.

मामा: आणि इतकी वर्षं मी... मला कुणी सांगितलं नाही.

मामी: सांगून काय झालं असतं? तुम्ही गाडीतून असे ऐटीत फिरायचात, पोरंटोरं दबकायची. मला ते बघायला आवडायचं.

भाचा: मामा, मी खाली थांबतो थोडा वेळ.

मामा: कुठे जायचं नाही. बस तिथे. तोंड फिरवूही नकोस. अगं, तो पॅटर्न पुन्हा नजरेने काढता येईल का तुला?

मामी: आता नाही जमायचं. डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत माझे. जुन्यावरून थोडं थोडं सरकवत आले होते, म्हणून निभलं. आता एकदा टेप लावल्याशिवाय नाही व्हायचं. पण राहू दे, तुमचे आहेत ते शर्ट अजून दोन वर्षं जातील. आधी त्या पोरीचं बघू.

मामा: तिच्याकडे जायचंच आहे. आधी माझं कर. नाहीतर तिच्या दारात कुठल्या तोंडाने उभा राहू मी?

मामी: तुम्ही कशाला येताय?

मामा: जिन्यात उभं राहायला. हा एकटा का म्हणून? डबी मी भरली ना. हे बघ, शर्ट काढला. हा खांदा. लाव टेप.

मामी: अहो, हा समोर बसलाय.

मामा: असू दे. त्याला बघू दे, लोक बाऊ का करतात ते. मलाही कळू दे. लाव.

मामी: थांबा. असा श्वास रोखून धरू नका. आणि छाती काढून ताठ उभं राहायचं नाही. रोज असता तसे राहा.